गाजराचा वाफा

माझ्या साडूंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. घरच्या कार्यात कुणी त्यांची आठवण काढली की मी मठ्ठ्याची चौकशी करायला उठतो. पण एक गोष्ट ठासून सांगतो: अख्ख्या नाशकात वांग्याला 'अहो' म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला होता.

साडूभाऊ मूळचे निफाडकडचे. ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीत, माझ्या शेजारीच राहायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी बंगल्यालगतचा मोकळा तुकडा खणला आणि कॉलनीतली झाडून सगळी पोरं गोळा करून 'भोगीची बाग' लावली. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भाजीत जे पडतं तेवढंच तिथे लावायचं: वांगी, घेवडा, वालपापडी, हरभरा, गाजर, वरून कोथिंबीर. एका बाईंनी हौसेने पुदिना आणून दिला, तर त्यांनी तो हात जोडून परत केला. "ताई, लय गुणाचा हाय तो, पण भोगीच्या पंगतीत त्याचं पान नाय!" धणे पेरायच्या आधी चपलेखाली रगडतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण त्यासाठी साबणाने धुतलेली वेगळी चप्पल ठेवणारा आणि ती पायात घालून कुणी संडासाकडे गेलं तर दिवसभर अबोला धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सकाळी हात मागे बांधून ते वाफ्यांची तपासणी करत, कारखान्यात विमानाची करत असावेत तशी. पोरं मागून ओळीने. कोथिंबिरीची काडी तोडायची तरी आधी विचारायचं, "अहो, घेऊ का?" उत्तर यायला वेळ द्यायचा. पोरं खरोखर कान देऊन थांबायची. मी गच्चीवरून हसायचो.

बागेला कुंपण नव्हतं. गायी येतील, मी म्हणालो. "येऊ द्या की. गायीला हाकलता येतं. पण तार लावली ना साडूभाऊ, की आतलं पोर मालक होतं आन् बाहेरचं चोर. मला दोन्ही नकोत."

एका हिवाळ्यात मेव्हणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते पुण्याला गेले आणि पाण्याचं काम माझ्यावर सोपवलं. "फक्त पाणी," असं दोनदा बजावलं. मी आयुष्यभर कचेरीत बसलेला माणूस. मला वाटलं, पाण्यासोबत थोडी सफाईही करून चकित करावं. एका वाफ्यात दाट, कातरलेल्या पानांचं रान माजलं होतं. गाजरगवत! त्याने अंगाला खाज सुटते, दमा होतो, हे मी ऐकून होतो. हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून मी ते मुळासकट उपटलं. शेवटच्या मुठीला करंगळीएवढी केशरी मुळं लोंबताना दिसली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. गाजरगवत नव्हे, नुसतं गाजर. पोरं अजून शाळेत होती, घंटागाडी दारात होती. मी सगळं तिच्यात टाकलं.

साडूभाऊ परतले आणि मोकळ्या वाफ्यापाशी उकिडवे बसून राहिले. मी जवळ गेलो. सांगणारच होतो. पण गच्चीवरून केलेली सगळी थट्टा आठवली, आणि तोंडून निघालं, "पोरांनी उपटली असतील. पोरंच ती."

त्यांनी पोरांना रागावून नव्हे, मांडीशी घेऊन विचारलं. सगळी एकसुरात म्हणाली, "आजोबा, आम्ही नाही." त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि चहा न घेता बसले. "गाजरं गेली तर गेली. गाजर बाजारात मिळतं. पण डोळ्यांत बघून खोटं बोलली हो! मला वाटलं होतं, मला तरी खरं सांगतील." माझी बायको आत भाजी निवडत होती. मी वर्तमानपत्राची घडी घातली.

पुढच्या आठवड्यात तार आली, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. पोरं दोन-चार दिवस तारेला नाक लावून उभी राहिली, मग क्रिकेट खेळायला गेली. भोगीची भाजी त्या वर्षी झाली. गाजरं बाजारातली होती. साडूभाऊंनी मला वाटीभर भाजी आणून दिली आणि मी ती खाल्ली, हे माझ्याच्याने अजून सांगवत नाही. त्यानंतर त्यांनी काही पेरलं नाही.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी रोज दवाखान्यात जायचो. एका दुपारी मेव्हणी औषधं आणायला गेली आणि खोलीत आम्ही दोघेच उरलो. ते जागे होते, माझ्याकडेच बघत होते. "काय म्हणताय, साडूभाऊ?" त्यांनी विचारलं. वाक्य तयार होतं. घरून निघाल्यापासून रिक्षात पाठ करत आलो होतो: पोरं खरं बोलली होती, वाफा मी उपटला, मला माफ करा.

"काही नाही," मी म्हणालो, "पंखा कमी करू का?"