खुसपटताईची अडलेली सही

आमच्या शेजारणीला मी खुसपटताई म्हणते. तोंडावरच म्हणते, पाठीमागे बोलण्यात काय मजा? स्वतःला बघायला आलेल्या मुलाचा चष्मा उतरवून तिने त्याचा नंबर तपासला होता. ‘चुकीचा आहे,’ म्हणाली, आणि त्याच्याशीच लग्न केलं! तेव्हा ती भिंगांच्या कारखान्यात होती. आता बिनड्रायव्हरच्या गाड्या तपासते.

या गाड्यांच्या टपावर एक डबा असतो. तो लेझरचा प्रकाश सोडतो, प्रकाश समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्याला किती वेळ लागला त्यावरून गाडीला कळतं, माणूस किती लांब आहे. धुकं, धूळ, ऊन, सगळ्या परीक्षांत गाडी पास झाली. मग खुसपटताईने रस्त्याच्या कडेला उभं राहून, डब्याला फसवायला, दुसरं लेझर त्याच्यावर रोखलं. गाडीसमोर पेंढा भरलेली बाहुली, बाहुलीच्या अंगात खुसपटताईच्या सासूबाईंचा जुना स्वेटर. गाडीला बाहुली दिसलीच नाही. स्वेटरसकट आडवी केली.

“स्वेटर माझा, म्हणजे मेले मीच की!” सासूबाई म्हणाल्या. “गाडी पास म्हणून सही केलीस तर याद राख!”

तपासणीच्या कागदावर धुक्याला रकाना होता, धुळीला होता, लबाडीला नव्हता. हिने समासात सगळं लिहिलं. तिच्या साहेबांनी तो बाजूला सारून, समास रिकामा असलेला नवा कागद पुढे केला. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलंय, साहेबांच्या आवाजासकट.

“अहो बाई, असं मुद्दाम कोण करणार आहे?”

“घराला कुलूप कोणासाठी लावता, साहेब?”

“गाड्या पुढच्या महिन्यात रस्त्यावर जायच्यात. सही करा.”

“करते की! बाहुलीच्या जागी तुम्ही उभे राहा. लेझर मी धरते.”

साहेब हसले. मग गाडीकडे बघितलं. मग घड्याळाकडे.

“मला मीटिंग आहे.”

“मिनिटभराचं काम आहे.”

“उद्यापासून येऊ नका तुम्ही!”

“येणारच. तपासणी पुरी होईपर्यंत तपासनीस बदलता येत नाही. नियम तुमचाच आहे, खाली सहीसुद्धा तुमचीच.”

आता सात आठवडे झाले. हिचं टेबल झेरॉक्स मशीनला चिकटवून ठेवलंय, दिवसभर कानाशी घरघर. चहा विचारायला कोणी येत नाही. गाड्या मात्र शेडमध्येच आहेत, आणि ही रोज वेळेवर, इस्त्रीचे कपडे घालून, कामावर हजर.

परवा मी जरा डिवचलं, “अगं, एवढीशी तर सही. टाक की करून!”

“तू रोज तो मोठा चौक पायी ओलांडतेस ना?”

“हो.”

“मग गप्प बस.”

मी गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांना कळेल, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते.