आत्याच्या कोनाड्यातल्या सुपाऱ्या

माझ्या थोरल्या आत्याइतकी स्मरणशक्ती निजामाच्या सगळ्या कचेऱ्यांत मिळून नसेल, आणि ती स्मरणशक्ती गेली असं तिला वाटायला लावणारा माणूस मी आहे. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं कौतुक कुणाला सारवासारव वाटणार नाही.

पोखर्णीला नृसिंहाच्या देवळामागं आत्याचं घर. त्यातल्या तीन खोल्या ती शनिवारच्या दर्शनाला येणाऱ्यांना उतरायला द्यायची. जालना-हिंगोलीकडची मंडळी परभणीला मी मास्तर असलेल्या शाळेच्या पत्त्यावर कार्ड टाकत. निजामाच्या राज्यात शुक्रवारी शाळेला सुट्टी. मी जाऊन ती वाचून दाखवायचो, कारण आत्याला अक्षर येत नव्हतं. तिला त्याची गरजही नव्हती. प्रत्येक खोलीच्या दाराशी कोनाडा, त्यात माणसामागं एक सुपारी आणि मुक्कामाच्या दिवसामागं एक चिंचोका. पुढच्या शनिवारांच्या पुरचुंड्या खुंट्यांवर ओळीनं टांगलेल्या. कोण घोरतं, कुणाला उंबऱ्याजवळ झोप लागत नाही, कोणती जाऊ कोणत्या जावेशी बोलत नाही, हे सगळं डोक्यात. घोरणाऱ्यांच्या सुपाऱ्या न चुकता गोठ्याकडच्या कोनाड्यात जायच्या.

लोकांचे बेत बदलत, पण आत्याच्या कपाळावर कधी आठी नाही. हिंगोलीच्या एका वकिलांनी आधी पाच माणसं कळवली, मग सात, मग अकरा, आणि शेवटी आले एकटेच. आत्या सुपाऱ्या हलवत म्हणाली, “ह्या वकिलाचं बिऱ्हाड लय ढगावाणी हाय रं. भरून येतंय अन् पांगतंय.” ज्यांचं येणं रद्द व्हायचं त्यांच्या सुपाऱ्या ती डब्यात परत टाकत नसे. शनिवारी देवापुढं नेऊन ठेवायची, नावं घ्यायची आणि सांगायची, “येनार व्हते, अडलेत. त्यांच्या वाटचं मी पाया पडते.” हे ऐकताना मी, चार बुकं शिकलेला माणूस, नकळत टोपी सारखी करायचो.

एकदा जालन्याच्या एका कुटुंबाचं कार्ड आलं. नातवाचं जावळ पुढच्या शनिवारऐवजी याच शनिवारी काढायचं ठरलं होतं. मी ते शेरवानीच्या खिशात टाकलं आणि शुक्रवारी धोतर-सदऱ्यात पोखर्णीला गेलो. कार्ड साफ विसरलो. शनिवारी सकाळी मी परभणीला परत निघण्याआधीच नऊ माणसं दारात उतरली. तिन्ही खोल्या भरलेल्या, बाळ रडून लाल झालेलं.

“तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ऐकून आलो होतो बाई!” त्यांच्यातले आजोबा म्हणाले. “मास्तरांच्या पत्त्यावर कार्ड टाकलं होतं की!”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी सांगितलं होतं, आत्या.”

आत्यानं खुंटीवरच्या, पुढच्या शनिवारच्या पुरचुंडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “आसंल बाबा. माझ्याच ध्यानातून गेलं आसंल.” तिनं स्वतःची खोली त्यांना दिली, नऊ जणांना गरम भाकरी वाढल्या आणि आपण गोठ्यात पथारी टाकली.

त्यानंतर आत्या प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागली. सुपाऱ्या मोजायची, पुन्हा मोजायची. वर्षभरानं तिनं खुंट्या रिकाम्या केल्या. “माझ्या भरवशावर कुनी लेकरं-बाळं घिऊन येऊ न्हाई,” म्हणाली. मी कार्डं लिहून लोकांना नकार कळवत राहिलो, आणि गप्प राहिलो.

आणखी वर्षभरानं एका शुक्रवारी गेलो, तेव्हा ती रिकाम्या कोनाड्यासमोर बसून तो फडक्यानं पुसत होती. दोन वर्षं जवळ बाळगलेलं ते जुनं कार्ड खिशातून काढून मी तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती ते उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिली.

“म्हंजी मी इसरले नव्हते?”

“तू काहीच विसरली नव्हतीस, आत्या. सांगायचं मी विसरलो, आणि वर खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर.”