मामाच्या घरी दिलेली अक्का

अक्काला मामाच्या घरी दिली तेव्हा आमच्या घरात सगळे निर्धास्त झाले. वालूरला मायचा थोरला भाऊ, त्याच्याच लेकाला अक्का दिलेली. पोर परक्याच्या दारात नाही, आपल्याच माणसांत पडली, असं माय बोरीच्या बाजारात भेटेल त्या बाईला सांगत सुटायची. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला तर हेवाच वाटला तिचा. मामाच्या घरी कायमचं राहायला मिळणं, ह्याहून जास्त सुख काय असतं?

तो मामा कसा होता ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला मूर्ख म्हणाल. म्हणा खुशाल. मला देवी आल्या तेव्हा घरातल्यांनी आशा सोडली होती. मामा येऊन दहा-बारा दिवस माझ्या उशाशी बसला, आपल्या हातानं पेज पाजली. सेलूला कापूस घालायला गेला की माझ्यासाठी रेवड्या घेऊनच यायचा. निजामाची अमदानी, कचेरीतले कागद उर्दूत. आमच्या गावात कागद आला की तो वाचून घ्यायला लोक मामाची वाट बघत. आणि शेजारच्या लेकीचा सासरी छळ व्हायला लागला, तर हाच मामा बैलगाडी जुंपून गेला, तिच्या सासऱ्याला चार लोकांत फैलावर घेतलं आणि पोरीला माघारी घेऊन आला. सगळा गाव म्हणाला, माणूस असावा तर असा.

पोरीचा सासुरवास तिच्या मामाच्या कानावर घालायचा, ही आमच्याकडची रीत. आता मामाच सासरा झाल्यावर कुणाच्या कानावर घालायचा, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. छळ व्हायचा तो परक्या घरी.

लग्नानंतरच्या दिवाळीला अक्का आली ती कापूस वेचणीला राहिली. जेवायची ती उभ्या उभ्या, भराभर, दाराकडं बघत. आमचा बाप चेष्टा करायचा, "वालूरला जेवायला घालीत न्हाईत का गं?" त्यावर आम्ही सगळे पोट धरून हसायचो. अक्कासुद्धा हसायची. ते हसणं आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एकदा तिला न्हाऊ घालताना पाठीवर काळेनिळे वळ दिसले. "बैलानं ढकललं," ती म्हणाली. मायनं हळद-तेल लावलं आणि त्या न पाहिलेल्या बैलाला शिव्या घातल्या.

मग एक दिवस शेतात आम्ही दोघीच कापसाच्या शेजारशेजारच्या ओळीत, आपापल्या पातीवर होतो. ओटीत कापूस टाकत टाकत, वर न बघता ती म्हणाली, "मामा मारायलाय गं मला. दोन-दोन दिस भाकरी देत न्हाई."

"का?"

"म्हणतो, वळण लावायलोय. बहिणीची लेक हाय, तिला मी न्हाई लावणार तर कोण लावणार?"

मी काय म्हणावं? ऐका. "खोटारडी हायस तू. मामा असा न्हाईच. तुलाच काम नको झालंय, म्हणून मामाचं नाव खराब करायलीस."

अक्का रागावली नाही. "बरं," म्हणाली, "कुणाला बोलू नको मग." मी नाही बोलले. आणि तेही तिच्यासाठी नव्हे, मामाची बदनामी नको म्हणून!

आठ दिवसांनी मामा तिला न्यायला आला. मीच पळत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली. मायनं त्याच्या समोरच अक्काला विचारलं, "सुखात हायस ना गं?" त्याला बाहेर जा म्हणायचं तरी कशाला, तो तर सख्खा भाऊ. अक्का म्हणाली, "हाव." मग गाडी गेली.

उन्हाळ्यात वालूरहून निरोप आला, तोही माती झाल्यावर. ताप भरला म्हणे. असेलही. मामा मायसमोर ढसाढसा रडला, आणि मायनंच त्याला धीर दिला.

अक्का, तू पाहिजे होतीस गं. माझे केस ओढून ओढून विंचरायचीस, मी किंचाळले की "टक्कलच करते थांब" म्हणायचीस. माझी बाळंतपणं झाली, लेकी सासरी गेल्या, प्रत्येक वेळी तुझी आठवण आली. वेचणीचे दिवस आले की अजून शेजारच्या पातीकडं बघते मी. आणि खोटं कशाला बोलू, मामाचीही आठवण येते. आली की स्वतःचीच शिसारी येते.

निजाम गेला त्याच सालात मामाही गेला. बाराव्याला तीन गावं जेवली. तिथं वालूरच्या कुण्या शेजारणीनं मायला बाजूला घेऊन काय सांगितलं, देव जाणे. घरी आल्यावर माय शेंगा निवडायला बसली आणि निवडता निवडता थांबली.

"अक्का तुझ्यापाशी तरी कदी काई बोलली होती का गं? मला एक शब्द जरी कळला असता ना, तर मी तिला पाठवलीच नसती. गेला असता भाऊ खड्ड्यात."

ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाई, माय," मी म्हणाले. "काईच बोलली न्हाई."