बायकोला वाचता येत नव्हतं आणि माझा आवाज जाणार होता

“कॅन्सर आहे,” डॉक्टर म्हणाले आणि थांबले नाहीत, “पण काढता येण्यासारखा आहे.”

बायोप्सीचा, म्हणजे घशातला लहानसा तुकडा काढून तपासल्याचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर उघडा होता. शेजारी माझी बायको शालन बसली होती. माझा आवाज चार महिने बसलेलाच होता. हळदीच्या गुळण्या झाल्या, कर्जतच्या दोन दवाखान्यांतली औषधं झाली. तिथल्याच एका डॉक्टरांनी शेवटी नव्या मुंबईला पाठवलं. तीस वर्षं मी बिडी ओढली, तेही सांगून टाकतो. तुमचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल तर माझ्यासारखे चार महिने घालवू नका.

ऑपरेशनचं नाव टोटल लॅरिंजेक्टॉमी. म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढायचं. मग नाकातोंडातून श्वास घ्यायचा नाही, मानेच्या पुढे एक भोक ठेवतात त्यातून घ्यायचा. त्या भोकाला स्टोमा म्हणतात.

“आन आवाज?” शालननं विचारलं.

“आवाज जाईल,” डॉक्टर म्हणाले. “माणूस राहील.”

मी नको म्हणालो. माझ्या आठ म्हशी आहेत. कडावहून शेलूच्या सोसायट्यांना आणि कळंबच्या दोन रिसॉर्टना दूध जातं. सगळा धंदा फोनवर आणि तोंडावर. मुका झालो तर करायचं काय? शिवाय शालन दुसरीतून शाळा सुटलेली. नाव लिहिते, बाकी अक्षरं विसरलेली. मी पाटीवर लिहिलं तरी ती वाचणार कशी?

घरी आल्यावर ती म्हणाली, “मला वाचता येत नाय, ते मला ठाव हाय. तुमी आपरेशन करा. बोलायचं कसं ते आपण बगू.”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना होकार कळवला.

ऑपरेशनआधी स्पीच थेरपिस्ट मॅडम भेटल्या. आवाज गेलेल्यांना बोलायच्या दुसऱ्या वाटा शिकवणं हे त्यांचं काम. त्यांनी दोन-तीन यंत्रं दाखवली, पण ती सगळी ऑपरेशननंतरचं रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार, झाल्यावर. “तोवर हा आहे ना,” असं म्हणून त्यांनी माझ्या मोबाईलकडे बोट केलं. मेसेजचं ॲप मी पाच वर्षं वापरत होतो. सकाळी बुद्धवंदना पुढे पाठवायची आणि दुधाचे निरोप घ्यायचे, एवढंच. मॅडम म्हणाल्या, “घरच्यांसाठी तुमच्या आवाजात काही रेकॉर्ड करून ठेवा.”

मी दवाखान्याच्या जिन्याखाली उभा राहिलो. शालनसाठी काहीतरी चांगलं बोलायचं होतं. घोगऱ्या आवाजात तोंडातून निघालं, “शालन, गोठ्याचं दार लाव गं.” तेच पाठवलं. ते तिनं आजवर पुसलेलं नाही.

ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा नाकात अन्नाची नळी होती आणि मानेवर भोक. तिसऱ्या दिवशी त्या भोकात कफ दाटला. सक्शन, म्हणजे कफ ओढून घेणारं मशीन, हवं होतं. मी पाटीवर ‘कफ’ लिहून शालनला दाखवलं. तिनं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाटी घेऊन बाहेर धावली, कुणी वाचून देईल म्हणून. दोन मिनिटांत नर्स आल्या. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही, आणि शालनही नाही.

त्याच दुपारी तिनं वॉर्डात फिरून फोटो काढले. सक्शनचं मशीन, उशी, पंखा, नर्सबाईंचा परवानगीनं काढलेला चेहरा, लघवीचं भांडं. आमची मुलगी प्रणाली शेलूला राहते. तिनं त्या फोटोंचे ॲपमध्ये स्टिकर केले, म्हणजे एका बोटानं पाठवता येतील अशी छोटी चित्रं. आईच्या फोनवर माझ्या मेसेजला वेगळी घंटी लावली. आता मी चित्र दाबलं की शालन उठायची. एक चित्र तिनं स्वतःचं करून घेतलं, कमरेवर हात ठेवलेलं. त्याचा अर्थ ‘गप पडून राहा’. ते ती मला पाठवायची. आवाज गेलेल्या माणसाला!

मग तीस दिवस रेडिएशन. घसा भाजल्यासारखा झाला. शालन म्हशींसाठी घरी, मी प्रणालीकडे. शालन बोलून निरोप पाठवायची: “काळी म्हस आटाय लागली वं, दूध कमी देते. तुमी जेवलाव का?” मी चित्रांनी उत्तर द्यायचो. नंतर प्रणालीनं शोधून दिलं की लिहिलेला मेसेज फोन मराठीत वाचूनही दाखवतो. बाईच्या आवाजात. शालन म्हणाली, “ही कोण बया तुमच्यात शिरली?” त्या दिवशी मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसलो. हसण्याचा आवाज येत नाही, खांदे हलतात.

गिऱ्हाइकांचं सोपं नव्हतं. फोन आला की मी कट करायचो आणि लिहायचो, “ऑपरेशनमुळे बोलता येत नाही. कृपया लिहा.” शेलूच्या एका बाईंनी सलग सहा वेळा फोन केला, मग लिहिलं, “इतका माज?” मी मानेच्या पट्टीचा फोटो पाठवला. रागानेच पाठवला. त्यांनी माफी मागितली आणि स्वतःच त्यांच्या सोसायटीचा दुधाचा ग्रुप काढून दिला. उद्या किती लिटर, ते आता तिथेच मतदान टाकून कळतं. रिसॉर्ट मात्र एक गेलं. त्यांना फोनवर बोलणारा माणूस हवा होता. गेलं तर गेलं.

एका दुपारी शेतावर मी एकटाच होतो. स्टोमात वाळलेला कफ अडकला. श्वास शिट्टीसारखा येऊ लागला. मी शालनला व्हिडिओ कॉल लावला आणि मानेवर बोट ठेवलं. तिला बाकी काही सांगावं लागलं नाही. मी लोकेशन पाठवलं. ते बघून शेजारच्या रमेशदादांनी तिला बाइकवर आणलं. तिनं नर्सबाईंनी शिकवल्याप्रमाणे स्टोमात सलाईनचे थेंब सोडले, मी खोकलो, गोळा बाहेर आला. “आता रडू का, का आधी दवाखान्यात जाऊ?” ती म्हणाली. दवाखान्यात गेलो. तुमच्यावर असं आलं तर तुम्हीही जा, गोळा निघाला म्हणून घरी बसू नका. आणि डोंगराकडे रेंज जाते, म्हणून मी खिशात सायकलची घंटी ठेवतो. तोंडानं शिट्टी आम्हाला वाजत नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी खालापूरकडच्या एका पेशंटला, त्याच्या संमतीनं, माझ्याशी जोडून दिलं. तीन आठवडे तो ऑपरेशनला नाही म्हणत होता. व्हिडिओ कॉलवर त्याच्या बायकोनं विचारलं, “परत बोलाय येतं का वो?” खोटं सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी मफलर सोडून स्टोमा दाखवला. मग लिहिलं, “पहिला आवाज परत येत नाही. बोलायची यंत्रं आहेत, मी अजून घेतलेलं नाही. पण काल माझं बायकोशी कडाक्याचं भांडण झालं.” शालन मागून म्हणाली, “आन मीच जिकले.”

त्या माणसानं माझा नंबर मागून घेतला. दोन दिवसांनी त्यानं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

त्याच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी मी धारा काढत असताना त्याचा पहिला मेसेज आला. “चहा कधी देतात?”

मी हात पुसून लिहिलं, “नाकातली नळी निघाली की. अजून आठ-दहा दिवस.”

“फार होतात,” त्यानं लिहिलं. “डॉक्टरांना सांगा.”

मी खांदे हलवत म्हशीखालून उठलो आणि डॉक्टरांना तसाच निरोप पाठवला.