पार्टनरचा गळा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढे म्हणून आवाज असतील, तेवढे सगळे माझ्या होस्टेलमधल्या पार्टनरच्या गळ्यात बिऱ्हाड करून होते. एकट्या त्याच्या स्वतःच्या आवाजाला तिथं जागा मिळाली नव्हती. मी साताऱ्याचा, तो कडेगावजवळच्या एका खेड्यातला, आणि कॉलेज सांगलीचं. होस्टेलच्या पहिल्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्कनं मला तासभर पिडून खोलीची चिठ्ठी दिली. ट्रंक उचलून मी खोलीशी आलो, दार वाजवलं, तर आतून त्याच क्लार्कचा आवाज आला, "झेरॉक्स जोडलीय का?" आत्ता खाली खिडकीत बसलेला हा माणूस आपल्याआधी वर कसा पोचला, या विचारानं मला घाम फुटला. दार ढकललं तर आत एक हडकुळा मुलगा कॉटवर बसून शेंगा खात होता. मला बघून तो दचकला. आपण कुणाच्या आवाजात बोललो हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. सकाळी तोही त्याच खिडकीशी तासभर उभा होता, एवढंच काय ते कारण.

लोकांना वाटायचं, हा नकला करतो. छे. नकला करणारा माणूस ठरवून करतो, हसू येईल अशा जागा शोधतो. पार्टनरला आवाज लागायचे, जसा आपल्याला खोकला लागतो तसे. मिरजेला एका तानपुरे करणाऱ्या कारागिराच्या दुकानात तो सहज म्हणून तासभर बसला. परत आला तो मान एका बाजूला कलती करून, प्रत्येक शब्दाआधी थांबून काहीतरी ऐकत. चार दिवस तो तसाच बोलत होता. डाळ कशी झालीय विचारलं तरी आधी थांबायचा. मेसच्या मावशींची तर त्यानं पंचाईत करून ठेवली होती. ताट घेऊन रांगेत उभा राहिला की मावशींच्याच आवाजात म्हणायचा, "भाकरी आणा गं कुणीतरी." आत चुलीपाशी बसलेल्या मावशी तिथूनच "आणते, आणते" म्हणत उठायच्या, दारापर्यंत यायच्या आणि मग आपल्याला हाक मारणारी बाई आपणच आहोत हे ध्यानात येऊन तिथंच उभ्या राहायच्या. हसायच्या खऱ्या, पण नंतर नंतर त्याला वाढताना त्या त्याच्याकडं बघेनाशा झाल्या.

त्याच्या आईनं मात्र या सगळ्यावर उपाय शोधला होता. रविवारी आम्ही एसटीडी बूथवर जायचो. गावात एका दुकानदाराकडं फोन होता, तिथं त्याची आई येऊन बसलेली असायची. हा "आये, मी बोलतोय" म्हणायचा, पण म्हणायचा गणिताच्या सरांच्या आवाजात, नाहीतर बूथवाल्याच्या. आई शांतपणे म्हणायची, "आसशील. आदी गाईचं नाव सांग." मग हा सांगायचा, "हौशी." त्यानंतरच ती माउली त्याला लेक मानायची. मला हसू आवरायचं नाही. तो मात्र बूथमधून बाहेर आला की माझ्याकडं न बघता पुढं चालायला लागायचा. पुढं हौशी गेली, तिची कालवड म्हातारी होऊन गेली, हातात मोबाईल आले, मोबाईलवर लेकाचा फोटो उमटायला लागला, पण आईचा प्रश्न काही बदलला नाही.

असला हिरा हातात असताना गॅदरिंगवाले त्याला सोडतात होय? आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला नाच व्हायचे, एकांकिका व्हायची, फिशपाँड तर इतके पडायचे की निम्म्या मुली पुढचे आठ दिवस वर्गात यायच्या नाहीत. पण मांडव गच्च भरायचा तो पार्टनरच्या 'आवाज ओळखा'साठी. त्याची एकच अट असायची, पडदा पाडलेला पाहिजे. लोकांना वाटायचं, हा लाजतो. मी विंगेत उभा असायचो, म्हणून मला कारण ठाऊक होतं. आवाज सुरू झाला की त्याचा चेहरा रिकामा व्हायचा. डोळे मिटलेले, हात लोंबते, ओठ तेवढे हलतायत. घरातली माणसं बाहेर गेल्यावर रेडिओ चालू राहावा, तसं. पडद्यापलीकडं मांडव हसून लोळत असायचा आणि अलीकडं मी त्याच्या छातीकडं बघत असायचो, श्वास चालू आहे ना म्हणून. एकदा त्यानं इंग्रजीच्या सरांचा आवाज काढला आणि दुसऱ्या दिवशी सरांचा घसा पार बसला. पोरांनी बोंब केली, की पार्टनरनं आवाज परत केलाच नाही. विनोद आहे म्हणून आम्ही हसत होतो, तोच सर स्वतः आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. इकडंतिकडं बघितलं आणि घोगऱ्या सुरात अगदी अदबीनं म्हणाले, "झालं असेल काम, तर बघा जरा." पार्टनरनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सरांचा घसा मोकळा झाला आणि ह्याचा बसला. याला काय म्हणायचं ते मला आजही कळलेलं नाही.

शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमचे रेक्टर गेले. माणूस वरून खेकसणारा, पण आतून मऊ. शिव्या देण्याआधी 'बाळ' म्हणायचे. गॅदरिंगला खोल्यांच्या स्वच्छतेची ढाल त्यांच्या नावानं द्यायची ठरली आणि ती द्यायला त्यांच्या बायकोला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंना, बोलावलं. काकू समोर बसणार आहेत हे पार्टनरला सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तो नेहमीसारखा मागच्या बाजूनं येऊन पडद्याआड उभा राहिला. मांडवातून पोरं ओरडायला लागली, "रेक्टर, रेक्टर!" आणि त्यानं आवाज काढला. "बाळ, कुणाच्या तीर्थरूपांचा लाइट जळतोय रे हा?" मांडव आधी हसला आणि मग एकाएकी चूप झाला. स्टेजच्या पायरीशी होस्टेलचं कुत्रं झोपलेलं असायचं. ते दिवाळीपासून कुणाला जवळ येऊ देत नव्हतं. ते उठलं आणि पडद्याकडं बघून शेपूट हलवायला लागलं.

पहिल्या रांगेतून काकू बोलल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. घरात स्वयंपाक करता करता बाहेरच्या खोलीतल्या माणसाला विचारावं तशा म्हणाल्या, "अहो, कपाटाच्या किल्ल्या कुठं ठेवल्यात? दिवाळीपासनं शोधतेय."

विंगेतून मी पार्टनरला हातानं खुणा करत होतो, की थांब, बोलू नको. त्याचे डोळे मिटलेले. पडद्याआडून रेक्टरांचा आवाज आला, "माळ्यावर, पापडाच्या डब्यात. आणि तू स्टुलावर चढू नकोस. पोरांना सांग."

काकूंनी "बरं" म्हटलं आणि पदर सारखा केला. पुढं ढाल त्यांनीच दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं त्यांच्याकडं गेलो. स्टुलावर मीच चढलो. डबा उघडला, दोन पापड उरले होते, त्यांच्याखाली किल्ल्या होत्या. काकूंनी आम्हाला चहा दिला आणि ते पापड भाजून दिले. मी ते कसे खाल्ले माझं मला माहीत. पार्टनर आलाच नव्हता. खोलीवर येऊन त्याला सांगितलं तर म्हणाला, "काकूंनी काय इचारलं? मला काय ऐकू आलं न्हाई गड्या. मी तवा तितं नव्हतोच." मी म्हटलं, "मग कुठं होतास?" त्यानं उठून दाराला कडी घातली. तो खरोखर घाबरला होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

त्यानंतर त्यानं पडद्याआड पाऊल ठेवलं नाही. रेडिओवर बाजारभाव सांगणाऱ्या माणसाचा एक सपाट, निरुपद्रवी आवाज त्यानं निवडला आणि युनिफॉर्मसारखा कायमचा अंगावर चढवला. पुढं त्याला बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायची नोकरी लागली. विटा, तासगाव, शिराळा अशी गावं तो वर्षानुवर्षं हळद-गुळाचे भाव सांगावेत तशी सांगत राहिला. लग्नाचं मात्र जमलं नाही. मुलगी बघायला गेला की घाबरून युनिफॉर्म सुटायचा, आणि पोहे संपेपर्यंत हा मुलीच्या वडिलांच्या आवाजात बोलायला लागायचा. अशा घरात कोण मुलगी देईल? मायलेक दोघंच राहिले.

गेल्या वर्षी एका दुपारी तो साताऱ्याला माझ्या घरी आला. आवाज चिरकत होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, मग बोलणं बंद. हे सगळं त्यानं फलाट क्रमांक सांगावा तसं सांगितलं. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "आयेशी एकदा माज्या आवाजात बोलायचंय. तिनं गाईचं नाव न इचारता मला वळखावं, एवढंच. पन माजा आवाज कुठला, ते मला ठावं न्हाई. तू माज्यासंगं ऱ्हायलायस. तुला ठावं आसंल तर सांग."

मी काय सांगणार? मला शाळेत कोंबड्याचंही आरवणं जमलं नव्हतं. पण तो समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होता आणि मला एकदम ती दुपार आठवली. दुसऱ्या वर्षी त्याला सडकून ताप आला होता. ग्लानीत तो हाका मारत होता, "हौशे, ये... ये गं..." बांधावर उभं राहून मारावी तशी लांबट हाक, शेवटाला जराशी फाटणारी. तो आवाज सरांचा नव्हता, मावशींचा नव्हता, माझ्या ओळखीतल्या कुणाचाच नव्हता. मी ती हाक मारून बघितली. पहिल्यांदा ती भाजीवाल्यासारखी निघाली. बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. मी पुन्हा मारली, पुन्हा मारली, लाज सोडून मारत राहिलो. आणि एकदा ती बरोबर निघाली. माझ्या अंगावर काटा आला, कारण ती माझ्या तोंडून आली असली तरी मी ती मारली असं मला वाटलं नाही. पार्टनरचा हात त्याच्या गळ्याशी गेला. तो हळूच म्हणाला, "हौशे, ये." युनिफॉर्म गळून पडला होता. त्यानं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"आये, मी बोलतोय."

मी वाट बघत होतो, आता ती गाईचं नाव विचारणार. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "व्हय रं. किती दिसांनी आलास. जेवलास का?"

"न्हाई आजून," तो म्हणाला. मग ते उसाच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलले, गळक्या पत्र्याबद्दल बोलले, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलले. मी उठून गच्चीवर गेलो, कारण मला रडू यायला लागलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. तो गावीच असतो. गुरांना टाळी वाजवून बोलावतो, माणसांशी हातवारे करतो, आणि बरा दिसतो. दिवेलागणीला कधीमधी त्याच्या आईचा मला फोन येतो. म्हणते, "लेकरा, तेवडी हाक मार की." मी मारतो. ती म्हणते, "जेवलास का?" मी म्हणतो, "न्हाई आजून." तेवढ्यात तिकडं कुणीतरी कॉटवर बोटं वाजवतं. तो शेजारीच बसून ऐकत असतो. मला ते करणं आवडायला लागलंय. हल्ली ती हाक मारायला काही प्रयत्नच करावा लागत नाही.

परवा पुण्याहून माझ्या मुलीचा फोन आला. मी "हॅलो, बोल गं" म्हटलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, जरा बाबांना फोन देता का?" मी म्हटलं, अगं, मीच बोलतोय. ती पुन्हा म्हणाली, "बाबांना द्या ना." तिला पटेल असं काय सांगावं म्हणून मी फोन हातात धरून आठवत राहिलो. आमच्याकडं गाय कधीच नव्हती.