व्याह्यांशी इंग्रजीत

मला इंग्रजी एका कुत्र्यानं शिकवलं.

लोणावळ्यात आम्ही एका बंगल्याची राखण करतो. आमचे हे बाग बघतात, मी आतलं बघते, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार आहे. मालक मुंबईला असतात. गेल्या वर्षी त्यांनी त्यांचा ब्रूनो आमच्याकडे आणून सोडला आणि गाडीत बसता बसता सांगितलं, "वहिनी, याला फक्त इंग्रजी कळतं हां." मला वाटलं, मोठ्या लोकांचं कौतुक, बोलायचं म्हणून बोलतात. पण कसलं काय. मी त्याला "बस रे" म्हटलं, तर त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की मीच उठून उभी राहिले.

मग सायलीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, मला शब्द शिकवले. सिट, कम, वेट, नो, ड्रॉप इट. आणि ऐकलं की डोक्यावर हात फिरवून गुड बॉय. मी सातवी पास. शाळेत इंग्रजीच्या तासाला माझी मान कधी वर झाली नाही. आणि इथं मी एक शब्द टाकला की एवढं धिप्पाड जनावर मुकाट्यानं खाली बसायचं. बाई, काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. घरात मी मराठीत कितीही बोंबलले तरी आमचे हे मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, आणि इंग्रजीत पहिल्या फटक्यात काम होतंय. (म्हणूनच साहेब लोक इंग्रजी बोलत असणार.) आपल्याला इंग्रजी यायला लागलं, अशी माझी पक्की खात्री झाली.

तेवढ्यात सायलीच्या लग्नाचं निघालं. मुलगा नीलेश, तळेगावचा, तिच्याच ऑफिसातला. दोघांचं आधीच जमलेलं होतं, फक्त त्याच्या वडिलांनी होकार द्यायचा बाकी होता. ते आमचं घर बघायला येणार म्हणून पोरीच्या घशाखाली घास उतरेना.

"आई, त्याचे बाबा कंपनीत सुपरवायझर होते. मधेमधे इंग्रजी बोलतात," ती म्हणाली. "पण तू आपली मराठीतच बोल."

"का? मला येतं की."

"आई, प्लीज."

मला ते लागलं. म्हटलं, बंगल्याच्या मागच्या खोलीत राहतो म्हणून आईनं काय सगळीकडे खाली मान घालूनच बसायचं? बघच तू, तुझ्या सासऱ्यांपुढे तुझी मान कशी ताठ करते ते. आता आठवलं तरी स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

रविवारी पाहुणे आले. नीलेश, त्याची आई आणि वडील. वडिलांना सगळे दत्ताभाऊ म्हणतात. गोल चेहरा, लख्ख टक्कल, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दारातच ते म्हणाले, "गुड मॉर्निंग. हाऊ आर यू?"

याचं उत्तर मला कोणी शिकवलं नव्हतं. पण गप्प राहते ती मी कसली.

"कम," मी म्हटलं. "कम, कम."

ते आले. मी खुर्चीकडे बोट केलं आणि म्हटलं, "सिट."

ते बसले. पाठोपाठ त्यांच्या मिसेसही बसल्या. मी सायलीकडे असं बघितलं की जणू वकिलीची परीक्षाच पास झाले. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, पावडर जास्त झाली.

चहा आणला. तो होता उकळता, आणि दत्ताभाऊंनी लगेच कपाला हात घातला. त्यांचं तोंड पोळू नये एवढीच माझी भावना. मी तळहात त्यांच्या नाकासमोर धरला. "वेट!"

त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. आमचे हे खाकरले. "आगं, पिऊ दे की त्यान्ला." मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांना कुठं इंग्रजी येतं?

मग बेसनाच्या लाडवांची ताटली फिरली. दत्ताभाऊंनी एक लाडू खाल्ला आणि दुसरा उचलला. त्यांच्या मिसेस हळूच म्हणाल्या, "अवो, शुगर हाय तुमाला." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला त्या माउलीची दया आली. बायकोचं न ऐकणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे.

"नो," मी म्हटलं. "ड्रॉप इट."

लाडू ताटलीत पडला.

आणि मग ते झालं. देवाशपथ सांगते, मी ठरवून केलं नाही. रोजची सवय, हात आपोआप पुढे गेला. दत्ताभाऊंच्या त्या लख्ख टकलावरून मी हात फिरवला, मायेनं, कपाळापासून मागे मानेपर्यंत. आणि म्हटलं, "गुड बॉय."

हात मागे घेतला तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, तसं झालं. सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नीलेश फरशीकडे बघत होता. माझ्या एकुलत्या एक पोरीचं लग्न मी स्वतःच्या हातानं मोडलं होतं, आणि त्या हाताला अजून खोबरेल तेलाचा वास येत होता.

दत्ताभाऊंनी चष्मा सारखा केला. "ताई, इंग्रजी कुटं शिकलात?"

मी रात्रशाळेत म्हणणारच होते, पण आमच्या ह्यांना नको तिथं खरं बोलायची खोड. "हितंच की, बंगल्यावर," हे म्हणाले. "ब्रूनोकडं."

"फॉरेनचे हायत का?"

"व्हय. बापजादे जर्मनीचे."

"आसं? मंग भेटाया पायजे त्यान्ला," असं म्हणून दत्ताभाऊ उठायला लागले.

आता काय करणार? तो शेजारच्या पडवीतच झोपला होता. मी पदर तोंडाला लावला. "भाऊ, बसा. मला माफ करा. तो कुत्रा आहे."

"कोन?"

"ब्रूनो. मालकांचा कुत्रा. मला तेवढंच इंग्रजी येतं, त्याला सांगण्यापुरतं. तुमचा अपमान करायचा नव्हता हो. माझ्या पोरीला वाटू नये की आपली आई अडाणी आहे, म्हणून बोलायला गेले. चूक माझी, तिची नाही. तिला नाही म्हणू नका."

दत्ताभाऊंनी स्वतःच्या टकलाला हात लावून बघितला.

"ताई, मी कंपनीत इंग्रजी शिकलो ते सायबाची बोलनी खाऊन," ते म्हणाले. "ईडियट, यूसलेस, गेट आऊट. मला बी त्येवढंच येतं. गुड मॉर्निंग, हाऊ आर यू नीलेशनं शिकवलं, काल. पन रिटायर झालो तरी इंग्रजीत शाबासकी मला कुनी दिली न्हवती."

"आनि लाडू टाकला की वो ह्यांनी," त्यांच्या मिसेस म्हणाल्या. "माझं कदी ऐकलं का? मला तर बाई हे घर पसंत हाय."

सोयरीक जमली. सायलीनं मला मिठी मारली, रडली, आणि डोळे पुसून बजावलं, "साखरपुड्याला एक शब्द इंग्रजीत बोलायचा नाहीस." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

साखरपुड्याला त्यांचे झाडून सगळे नातेवाईक आले, अगदी पवनानगरच्या आत्यासुद्धा. दत्ताभाऊंनी कोणाला काय सांगून ठेवलं होतं, देव जाणे. मांडवात खुर्च्या रिकाम्या, आणि सगळे पाहुणे हात बांधून, माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी हात जोडून म्हटलं, "बसा ना, मंडळी." कोणी हलेना. "बसून घ्या हो, मुहूर्त टळतोय." तरी नाही. भटजींनी घड्याळ बघितलं. सायली स्टेजवरून डोळे वटारून माझ्याकडे बघत होती.

पुढं मी काय म्हटलं ते विचारू नका. भटजींसकट सगळे बसले.