दाबून धरावा लागणारा टेस्टर

त्या वायरमनला सगळे ‘लेव्हल’ म्हणायचे. भिंतीवर स्विचबोर्ड बसवला की तो खिशातून सपाटी बघायची बोटभर लांबीची लेव्हल काढायचा, बोर्डावर टेकवायचा आणि आतला बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत कुणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. घरमालक म्हणायचे, “अहो, जरासं तिरकं असलं तर दिवा काय तिरका पेटणार आहे?” तो म्हणायचा, “दिवा नाही, पण मी रोज या रस्त्याने जातो. मला आतून टोचत राहील.”

हत्यारांच्या बाबतीतही तसाच. बायकोने जाड कापडाची पिशवी शिवून दिली होती. तिच्यात प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा होता: मोठी पक्कड, निमुळत्या तोंडाची पक्कड, कटर, वायर सोलायचा स्ट्रिपर, तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, छिन्नी, टेप. पकडीच्या मुठीवरचं रबर जरा जरी चिरलं तरी ती पक्कड कामातून बाद. कटर तिसऱ्याच कप्प्यात सापडला की मेहुण्याची धडगत नसे.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं त्याच्याबरोबर काम करत होता. पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, आणि बोलायला बसला की बंद न होणारा. म्हणून कामावर त्याला ‘रेडिओ’ म्हणत. शिडीवर चढला की वरून बातम्या सुरू. कुणाच्या गच्चीवरून कुणाचे कपडे उडाले, कोणती शेजारीण कुणाशी बोलत नाही. लेव्हल खालून वायर पुरवायचा आणि अधूनमधून “हं” म्हणायचा. लोक म्हणायचे, एक बोलत नाही आणि एक थांबत नाही, जोडी मात्र छान जमलीय.

इतक्या चोख माणसाच्या पिशवीत एक हत्यार मात्र खराब होतं. टेस्टर. पिवळ्या दांड्याचा, नेहमीचा. तारेला लावून टोपणावर बोट ठेवलं की आतला बारीक दिवा लागतो आणि कळतं, तारेत वीज आहे. त्या टेस्टरची आतली स्प्रिंग सैल पडली होती. टोपण अंगठ्याने चांगलं दाबून धरलं तरच दिवा लागायचा, नाहीतर नाही. लेव्हलला हे महिनाभर माहीत होतं. त्याच्या अंगठ्याला दाबायची सवयही झाली होती. दोनदा तो नवीन घ्यायला म्हणून दुकानात गेला आणि दोन्ही वेळा स्क्रू आणि टेप घेऊन परत आला. तिसऱ्यांदा जायचं राहून गेलं. मेहुण्याला सांगायचंही राहून गेलं. यात अडचण कसलीच नव्हती, कारणही काही नव्हतं. राहिलं ते राहिलं.

त्या दिवशी काम एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात होतं. बाहेरच्या खोलीत छताला एक दिवा वाढवायचा, एवढंच. आतल्या खोलीत खुर्चीवर पेशंट होता, त्यामुळे मेन बंद करता येईना. बोर्डावर ‘बाहेरची खोली’ अशी चिठ्ठी लावलेला खटका होता, तो लेव्हलने खाली ओढला. त्या चिठ्ठ्या आधी कुणीतरी चुकीच्या लावल्या होत्या, हे नंतर कळलं.

मेहुणा शिडीवर चढला. “भाऊजी, बंद आहे ना नक्की?”

“टेस्टर लावून बघ की. विचारतोस काय?”

“माझा पिशवीत राहिला.”

लेव्हलने शर्टाच्या खिशातला टेस्टर काढला आणि वर फेकला. मेहुण्याने तो झेलला. दात काढायला येणारी माणसं बाहेर बसून दुसऱ्याच्याच दातांकडे कशी बघतात, असं काहीतरी तो सांगत होता. सांगता सांगताच त्याने तारेला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. “बंद आहे,” म्हणाला आणि तार चिमटीत धरली.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. तो ओरडलासुद्धा नाही. शिडीवरून फेकल्यासारखा मागे गेला आणि नोंदवहीच्या टेबलाच्या दगडी कडेवर कोपरावर पडला. जीव वाचला. कोपराचा चुरा झाला.

इस्पितळात दोन ऑपरेशनं झाली. हाड जुळलं, पण नस दुखावली ती दुखावलीच. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून राहिलं, मुठीतला जोर गेला. पक्कड धरायची म्हटलं तर निसटून पडायची.

तो शुद्धीवर आल्यावर बहीण त्याच्या उशाशी बसून रडली आणि रडून झाल्यावर तिने त्याला फैलावर घेतलं. “अकरा वर्षं यांच्या हाताखाली काढलीस, तरी अक्कल आली नाही तुला! सतत तोंड चालू. लक्ष कुठे असतं?”

“बरोबर आहे ताई,” तो म्हणाला. “मीच बडबडत होतो. टेस्टर नीट टेकवलाच नसेल. भाऊजींची काही चूक नाही. ते तर म्हणाले होते, बघ म्हणून.”

लेव्हल पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स आली आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. बाहेर आल्यावर बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्याने तो टेस्टर इस्पितळातून येताना वाटेतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नवा घेतला, तसाच पिवळ्या दांड्याचा. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ ठीक. पण घरी येऊन, मोरीत दार लावून, त्याने नव्या टेस्टरचा दांडा दगडावर घासला. जुना दिसावा म्हणून. घासताना आपण काय करतोय हे त्याला स्वच्छ कळत होतं, आणि हात थांबत नव्हता.

मेहुण्याने धंदा सोडला. विजेच्या सामानाच्या एका दुकानात काउंटरवर बसू लागला. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू द्यायची, डाव्या हाताने पावती लिहायची. हळूहळू बोलणंही कमी झालं. नव्या लोकांना त्याला ‘रेडिओ’ का म्हणतात हे सांगावं लागे.

लेव्हल मात्र नको तितका सावध झाला. आता तो टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघायचा, मग तारेला लावायचा, मग पुन्हा सॉकेटमध्ये. एका तारेसाठी तीन वेळा. बरोबरच्या वायरमनांच्या पिशव्या उघडून पकडींच्या मुठी तपासायचा. लोक म्हणायचे, “मेहुण्याचं बघितल्यापासून धसका घेतलाय बिचाऱ्याने.” ‘बिचारा’ ऐकलं की तो पिशवी उचलून दुसऱ्या खोलीत जायचा. दर रविवारी तो फळं घेऊन मेहुण्याकडे जायचा, मुलींचे टेबल-लॅम्प दुरुस्त करायचा, नळ गळत असेल तर तोही बघायचा. मेहुणा संकोचून म्हणायचा, “किती करता भाऊजी माझ्यासाठी.”

आणि घरी जेवताना भावाचा विषय निघाला की बायको हमखास म्हणायची, “स्वतःच्या हाताने वाटोळं करून घेतलं. बोलण्यापायी.” लेव्हल ताट पुढे करून म्हणायचा, “भाजी वाढ.”

अशी दोन वर्षं गेली.

वायरमनचं काम शिकवणाऱ्या एका संस्थेतल्या मास्तरांनी त्याला बोलावलं. “नव्या बॅचला हत्यारांवर तासभर सांगा. तुमच्याइतकी हत्यारं सांभाळणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.” लेव्हलने टाळाटाळ केली. मेहुण्याच्या कानावर गेलं तेव्हा तोच मागे लागला. “जाऊ या भाऊजी. मीही येतो. तुम्ही हत्यारं दाखवा, मी हात दाखवतो. जन्मभर विसरणार नाहीत.” दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात काहीतरी हुरूप होता. नाही म्हणणार कसं?

वर्गात पस्तीस-चाळीस जण होते. लेव्हलने टेबलावर हत्यारं मांडली. कटरची धार कशी बघायची, स्ट्रिपरने तांब्याला ओरखडा न पडू देता वायर कशी सोलायची, स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असाच ड्रायव्हर का घ्यायचा, हे एकेक दाखवलं. हातांना काम असलं की त्याला बोलता यायचं. टेस्टर त्याने उचललाच नाही.

मग मेहुणा उठला. त्याने बाही वर केली, वळलेली बोटं सगळ्यांना दिसतील असा हात धरला आणि सांगितलं. शिडी, दवाखाना, बडबड. “टेस्टर लावला, पण लक्ष नव्हतं. चूक माझी. हे लक्षात ठेवा.”

मागच्या बाकावर तिशीची एक बाई बसली होती. नवऱ्याच्या माघारी त्याचं दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणून शिकायला आलेली. तिने हात वर केला.

“पण दादा, तुम्ही टेस्टर लावला होता ना?”

“लावला होता.”

“तारेला टेकला होता?”

“टेकला होता. मला आठवतंय, तांब्यावर टोक घसरलं म्हणून मी पुन्हा टेकवला होता.”

“मग दिवा का नाही लागला? तार तर चालू होती. म्हणजे टेस्टरच खराब असणार. यात तुमची चूक कुठे?”

मेहुणा हसला. “टेस्टर भाऊजींचा होता हो. भाऊजींचं हत्यार खराब? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ.”

लेव्हलने टेबलाची कड धरली.

“खराब होता,” तो म्हणाला. “स्प्रिंग सैल होती. दाबून धरल्याशिवाय लागत नव्हता. मला महिनाभर माहीत होतं. मी सांगितलं नाही. नंतरही नाही सांगितलं.”

मेहुण्याने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने आपल्याच हाताकडे बघितलं, बाही खाली केली, बटण लावायला त्याला बराच वेळ लागला, आणि तो दारातून निघून गेला.

मास्तर पुढे आले. “बसता का जरा?” पण लेव्हलने मान हलवली, टेबलावरचा टेस्टर उचलला आणि तो कसा तपासायचा ते वर्गाला दाखवलं. आधी चालू सॉकेट, मग तार, मग पुन्हा सॉकेट. शेवटी म्हणाला, “आणि जरा जरी शंका आली तर त्याच दिवशी फेकून द्या. उद्यावर टाकू नका.” सगळ्यांनी लिहून घेतलं. त्याला भिंतीत गडप व्हावंसं वाटत होतं.

घरी पोचेपर्यंत बायकोला भावाचा फोन येऊन गेला होता. ती स्वयंपाकघरात उभी होती, ओट्याला पाठ लावून.

“टेस्टरचं मी समजू शकते,” ती म्हणाली. “माणसाच्या हातून राहतं. पण दोन वर्षं मी त्याला बोलले, अहो. येता-जाता बोलले. तुम्ही समोर बसून ऐकत होतात. मला माझ्याच भावाच्या विरोधात उभं केलंत आणि वर भाजी वाढ म्हणालात.”

तिने त्याला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. पुढचे कित्येक दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. रविवारी एकटीच भावाकडे जाऊ लागली. काय बोलणं होतं ते सांगत नसे आणि तो विचारत नसे.

तीन महिन्यांनी, एका दुपारी, मेहुणा दारात उभा राहिला. आत आला नाही. बहीण बाहेर गेली होती.

लेव्हल म्हणाला, “बस ना.”

“नको. एवढंच सांगायला आलोय.” त्याने सांगायचं ठरवून आणलेलं होतं, तरी मध्येच अडखळला. “बोटांचं काही नाही भाऊजी. डाव्या हाताने जमलं असतं, डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. मी धंदा सोडला तो बोटांमुळे नाही. मला वाटलं, माझी नजर गेली. टेस्टर लागतोय की नाही एवढंही आपल्याला कळत नाही, मग आपल्या हातून उद्या दुसरा कुणी मरेल. मला घरातला बल्ब बदलायची भीती वाटत होती. धाकटी म्हणायची, बाबा, लावा ना. मी शेजाऱ्याला बोलवायचो.”

“मी...”

“तुम्ही एका शब्दाने सांगितलं असतं तर...” तो जिन्याकडे वळला, मग थांबून म्हणाला, “ताईला सांगा, येऊन गेलो.”

लेव्हलने आतापर्यंत जे मोजलं होतं ते एक कोपर आणि दोन बोटं. बाकीचं त्याच्या हिशेबातच नव्हतं. बायको परत आली तेव्हा त्याने तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता. ऐकता ऐकता ती बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा त्याच्या शेजारी येऊन बसली.

मेहुण्याने पुन्हा कामं घ्यायला सुरुवात केली. आधी दुकान सुटल्यावर किरकोळ दुरुस्त्या, मग दुकान सोडून पूर्ण वेळ. जाड मुठीची हत्यारं घेतली, डाव्या हाताला सवय लावली. जोडीला त्याने त्या वर्गातल्या बाईला घेतलं, प्रश्न विचारणाऱ्या. लेव्हलला त्याने बोलावलं नाही. एकदा रस्त्यावरून जाताना लेव्हलला एका दुकानाच्या उघड्या शटरमधून तो शिडीवर दिसला. वरून काहीतरी सांगत होता आणि खालून ती बाई हसत होती. लेव्हल पलीकडच्या बाजूला उभा राहिला, मेहुणा खाली उतरेपर्यंत, आणि हाक न मारता निघून गेला.

पुढे येणं-जाणं सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. मेहुण्याने घर बदललं तेव्हा बहीण आणि भाऊजी दोघांना बोलावणं आलं. चहा झाला, मुलींनी खोल्या दाखवल्या. गप्पा चालू असताना पंखा थांबला. मेहुणा उठला, मेन बंद केला, बोर्ड उघडला आणि डाव्या हाताने स्क्रू सोडवू लागला. एक स्क्रू अडकला होता, ड्रायव्हर घसरत होता. लेव्हल नकळत उठला, हात पुढे झाला.

“राहू द्या भाऊजी,” मेहुणा मागे न बघता म्हणाला. आवाजात राग नव्हता. “मी बघतो.”

लेव्हल परत जाऊन बायकोशेजारी बसला. स्क्रू सुटायला चार-पाच मिनिटं लागली.